तांबुलाच्या पिशव्या

तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे, आणि आत्ताच लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी तुमच्यातल्या मोठीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं धड उत्तर दिलं नाही. मैत्रिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करायचे आहेत, आजी, काहीतरी सुचव, असं ती म्हणाली. धाकटा मागून ओरडला की आम्ही सगळे पळणार आहोत आणि लोक त्याचे पैसे देणार आहेत. मी म्हटलं, "अरे, पळण्याचे पैसे कोण देतं?" तुम्ही हसलात, पडद्यावरचं चित्र गोठलं आणि बोलणं तिथेच राहिलं. फोनवर मला नीट सांगता येत नाही. कागदावर येतं. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण आयुष्यभर मी इंग्रजीत अर्ज लिहिले, आणि हा अर्ज नाही. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारी मुलगी तुम्हाला आठवत असेल. मागच्या वेळी तुम्ही इथे चेन्नईत, तिरुवल्लिकेणीला आलात तेव्हा ती तुमच्याबरोबर मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर आली होती आणि कानामागचं यंत्र ओलं होईल म्हणून पाण्यापासून लांब उभी होती. तिची आई इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. कंपनीची बस पहाटे मोठ्या रस्त्यावरून तिला नेते आणि संध्याकाळी आणून सोडते, म्हणून शाळा सुटल्यावर मुलगी आमच्याकडे असते. ती मला पाट्टी म्हणते, म्हणजे तमिळमध्ये आजी.

मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लहानपणी सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. डोक्याच्या आत एक भाग बसवतात आणि बाहेर कानामागे एक यंत्र असतं. आतला भाग आयुष्यभर टिकतो, बाहेरचं यंत्र नाही. मागच्या मार्गशीर्षात ते बंद पडलं. दुरुस्त होणार नाही, असं सांगण्यात आलं. नव्याची किंमत तिच्या आईच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होती. सरकारकडे अर्ज केला होता, पण रांग लांब होती. मुलीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत यंत्र यायला हवं. जे ऐकू येत नाही ते तोंडातूनही जातं.

आणि ते जाताना आम्हाला दिसत होतं. आधी शब्दांची शेवटची अक्षरं गेली. मग 'स' गेला. आईच्या ओठांवरून तिला बरंच कळायचं, पण माझं तमिळ इतक्या वर्षांनंतरही मराठी तोंडाचं, त्यामुळे माझ्या ओठांवरून तिला काहीच वाचता येईना. मी "दूध घे" म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहायची आणि मग मान हलवून हसायची. त्या हसण्याचा मला राग यायचा. तिचा नव्हे, परिस्थितीचा.

मी जे आधी केलं ते तुम्हीही केलं असतं. चांगल्या इंग्रजीत एक आवाहन लिहिलं, मुलीचा फोटो लावला आणि पैसे गोळा करायच्या एका साइटवर टाकण्याआधी मुलीच्या आईला दाखवलं. तिने फोन हातात घेतला, फोटो बघितला आणि परत दिला.

"हे नको, अम्मा."

"का गं? हजारो लोक वाचतील."

"तेच. उद्या तिच्या वर्गातल्या पोरी हाच फोटो बघतील. भीक मागणारी पोर म्हणतील."

"मग आम्ही देतो. सवडीने फेड."

"तुमच्या घरच्या अय्यांचं आत्ताच हृदयाचं ऑपरेशन झालंय. मला माहीत नाही का?" ती म्हणाली. घरचे अय्या म्हणजे तुमचे आजोबा. "काम सांगा. काहीतरी करून देते, मग कोणी पैसे दिले तर घेते."

आवाहन मी पुसून टाकलं. अट तिने घातली होती आणि अट योग्य होती.

पुढची कल्पना भोगीच्या दिवशी सुचली. पोंगलच्या आदल्या दिवशी इथे घरातलं जुनं सामान बाहेर काढतात. मी कपाट उपसलं तर खालच्या कप्प्यात ब्लाउजपीसचा ढीग. नवरात्रात इथे घरोघर कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या ठेवतात, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तांबूल देतात. विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू, नारळ आणि एक ब्लाउजपीस. तो कोणी शिवत नाही. रंग जुळत नाही, कापड पुरत नाही. तो पुढच्या घरी दिला जातो, तिथून त्याच्या पुढच्या. कपाटातला एखादा ब्लाउजपीस माझ्यापेक्षा जास्त चेन्नई फिरला असेल.

मी साताऱ्याकडची. एवढे तुकडे बघितल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. गोधडी. शेजारपाजारच्या घरांतून ब्लाउजपीस गोळा केले, मध्ये जुन्या सुती साड्या घातल्या, आणि मुलीच्या आईने आणि मी दोन आठवडे खपून एक उत्तम जाडजूड गोधडी शिवली. मग समोरच्या दारातल्या मामींना बोलावलं.

मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुनं, त्यात निम्मं तमिळ आणि सगळा सूर तमिळ. मला ते लिहून दाखवता येणार नाही, म्हणून आपल्या मराठीत लिहिते. मामींनी गोधडीचं एक टोक उचललं आणि सोडून दिलं.

"छान आहे. कोणासाठी?"

"विकायला."

"चेन्नईत?" त्या खुर्चीत बसल्या. "अगं, हे पांघरून झोपले तर सकाळी मी इडलीसारखी वाफाळून निघेन. तुमच्या साताऱ्याला धाडायला ट्रक केलायस का?"

मुलीच्या आईला मराठी कळत नाही, पण मामींचा चेहरा कळला. ती तोंडावर पदर घेऊन हसली. मला हसू आलं नाही. दोन आठवडे गेले होते.

मामी मग गंभीर झाल्या. बोटाने एक पोपटी तुकडा दाबून म्हणाल्या, "आणि ही गोष्ट गरमीपेक्षा मोठी आहे. हे तांबुलातलं कापड आहे. हळदकुंकवाबरोबर हातात पडलेलं. ते पुढे द्यायचं असतं, विकायचं नसतं. आपल्या इमारतीतल्या एका बाईला जरी कळलं की तिने दिलेलं तांबूल तू बाजारात मांडलंस, तर पुढच्या नवरात्रात तुझ्या घरी चिटपाखरू येणार नाही."

"मामी, पोरीला जूनच्या आत यंत्र पाहिजे."

"पाहिजेच. मी कुठे नाही म्हणाले? मी विकायचं नाही म्हणाले."

मी चिडले होते. त्या संध्याकाळी मी गोधडी कपाटावर टाकली आणि इतर वाटा शोधायला बसले. मराठी मंडळींना फराळ करून विकावा तर दिवाळी लांब. शिकवण्या घ्याव्यात तर महिन्याकाठी किती मिळणार? दोन दिवसांनी मामी एका लग्नाहून आल्या आणि हातातली पिशवी माझ्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. इथल्या लग्नांत जेवण झालं की दारात प्रत्येक पाहुण्याला एक पिशवी देतात. तांबूलम पै म्हणतात तिला. आत नारळ, पानसुपारी, हळदकुंकू. एका लग्नाला अशा शेकडो पिशव्या लागतात.

"बघ काय दिलंय," मामी म्हणाल्या. "नारळ घालून जिना उतरले तर एक बंद तुटला. एवढं मोठं लग्न आणि असली पिशवी! तुझे ते तुकडे आण. तांबूल तांबुलातच जाऊ दे. कापडाचे पैसे घ्यायचे नाहीत. शिलाईचे घे. शिलाई तिची आहे, तिचा हक्क आहे."

ही वाट माझ्या लक्षात आली नव्हती. मामींचा नियम मोडला नाही, मुलीच्या आईची अटही मोडली नाही, आणि पिशवी चेन्नईच्या उन्हातही चालते.

मामींचं शिलाई मशीन आमच्या हॉलमध्ये आलं. आजोबांनी पुठ्ठ्याचा साचा कापून दिला, कारण कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला माझं वितीने मोजणं बघवत नव्हतं. गोधडीतून उरलेल्या ढिगातल्या एकेका ब्लाउजपीसमधून दोन पिशव्या निघाल्या. सुती आणि नायलॉनचं कापड वेगळं केलं, काळे आणि पांढरे तुकडे बाजूला ठेवले, कारण मंगलकार्यात ते चालत नाहीत. मुलीची आई कारखान्यातली पाळी संपवून यायची, तोंड धुवायची आणि मशीनवर बसायची. मुलगी शेजारी बसून टेबलावर तळवा ठेवायची. मशीन चालू आहे की थांबलं ते तिला तेवढंच कळत होतं.

पहिली ऑर्डर मामींच्या नात्यातल्या लग्नाची. वधूची आई नमुने बघायला आली. तिने दहा पिशव्या ओळीने मांडल्या आणि नाक मुरडलं.

"मामी, सगळ्या वेगवेगळ्या. लोक म्हणतील घरातलं उरलंसुरलं वाटलं."

"लोक तसंही काहीतरी म्हणणारच," मामी म्हणाल्या. "सांबारात मीठ कमी म्हणतील."

"थट्टा नका करू. एका रंगाच्या असत्या तर घेतल्या असत्या."

मी विचारलं, "सगळ्यांना एकसारखी किनार लावली तर? रुंद, डाळिंबी. बंदही त्याच कापडाचे."

ती विचारात पडली. मी तिच्यासमोरच एका पिशवीला डाळिंबी पट्टी टाचून दाखवली. तिने पिशवी हातात घेतली, आत हात घातला, बंद ओढून बघितले. मग अचानक एक पिशवी उचलून उजेडात धरली.

"हा मोरपंखी तुकडा... हा तर मी दिला होता! माझ्या घरच्या कोलूला!"

"मला नव्हता दिलास," मामी म्हणाल्या.

"तुम्हाला नाही, तुमच्या नणंदेला."

"तिने माझ्या मावसबहिणीला दिला असेल, आणि तिने हिला." मामींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आता तुझ्या मुलीच्या लग्नात परत येतोय. यापेक्षा शुभ काय पाहिजे तुला?"

तिने ऑर्डर दिली. किनारीचं कापड मी सौकारपेठेतून एकदम ताग्याने आणलं, म्हणजे पुढच्या ऑर्डरीही दिसायला तशाच राहतील. पुढच्या ऑर्डरी येणार हे मी ठरवूनच टाकलं होतं.

लग्न झालं, पण मार्च संपत आला तरी रक्कम अर्ध्याच्याही बरीच मागे होती. इमारतीतल्या आणि मराठी मंडळातल्या बायकांनी कौतुक पुष्कळ केलं. घरात लग्न मात्र कोणाच्याच नव्हतं. मी ओळखीच्या प्रत्येकीला फोन केला. कोणाची मुलगी उपवर, कोणाचा नातू मुंजीचा, कोणाची साठीशांत, सगळं विचारलं. माझ्या फोनला लोक घाबरू लागले, असं आजोबा म्हणायचे. घाबरोत.

मग एके दिवशी मुलीच्या आईने एक पिशवी जेवणाच्या डब्यासाठी म्हणून बसमध्ये नेली. कारखान्याकडे जाणाऱ्या त्या बसमध्ये गावोगावच्या मुली असतात, आणि त्यांच्या घरी बहिणींची लग्नं, भाचरांचं कान टोचणं, नव्या घराचा प्रवेश, सतत काहीतरी चालू असतं. संध्याकाळी ती आली ती चार जणींचे निरोप घेऊनच. दुसऱ्या दिवशी आणखी आले. त्यांना पिशव्या वेगवेगळ्या असण्याची अडचण नव्हती, उलट नमुने निवडताना बसमध्ये भांडणं झाली म्हणे. "एक म्हणते पिवळी मी आधी धरली होती, अम्मा, आता ती दुसरीशी बोलत नाही," असं ती हसत सांगायची. यंत्र बंद पडल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

आमचे ब्लाउजपीस संपले. मामींनी सगळ्या इमारतीत जाऊन कपाटं उघडायला लावली. तांबुलासाठीच पुढे जाणार आहेत म्हटल्यावर कोणी नाही म्हणालं नाही. माझी बोटं सुजली म्हणून मी किनारी टाचायचं सोडून बंद उलटवायचं काम घेतलं. मेच्या उकाड्यात पंखा लावला की तुकडे उडायचे, म्हणून पंखा बंद ठेवून शिवलं. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी रक्कम पुरी झाली. त्यात भीक नव्हती, कर्ज नव्हतं. आईने स्वतः जाऊन ती भरली.

यंत्र बसवायला मुलीला घेऊन आम्ही तिघी गेलो होतो, आई, मामी आणि मी. तिथल्या बाईंनी संगणकाला जोडून आवाज हळूहळू वाढवला. मुलीने दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. इतक्या महिन्यांत मामींना तिच्याशी खच्चून ओरडून बोलायची सवय लागली होती, उपयोग नसला तरी. त्या तिच्या कानाजवळ वाकून ओरडल्या, "कण्णा, बाळा! ऐकू येतंय?"

मुलीने कानावर हात ठेवला. "का ओरडता, मामी?"

शब्द बोबडा होता, शेवट पुसट होता. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुमच्या मैत्रिणीसाठी मी पिशव्या शिवा म्हणत नाही. तुमच्याकडे लोक पळण्याचे पैसे देत असतील तर पळा. पण आधी त्या मैत्रिणीला विचारा, तिला काय चालेल आणि काय नाही. आणि तुमच्या गावात लोक एकमेकांना काय देतात, कपाटात काय साठवतात, ते बघा. पहिली कल्पना फसली तर दुसरी करा.

इथलं आत्ताचं सांगते. मशीन आमच्या हॉलमध्येच आहे आणि मंगळवारी, शुक्रवारी चालतं. येणारे पैसे वेगळे ठेवतो, कारण हेही यंत्र कधीतरी थकणार. मुलीचा 'स' परत आला आहे, थोडा शिट्टीसारखा वाजतो. मी स्वयंपाकघरातून माझ्या मराठी तमिळमध्ये हाक मारली की ती गच्चीच्या जिन्यावरून ओ देते.