मावशींची चकती

नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. घरांतल्या हवेत किरणोत्सर्गी वायू किती आहे हे पाहायला आम्ही प्लास्टिकच्या छोट्या चकत्या तीन महिने भिंतीवर टांगायचो. वायूतून सुटलेले कण त्यांवर आदळत. मग चकती गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे गोल खड्डे दिसत. ते मोजून आमचे डोळे दुखत, म्हणून कॅमेरा जोडलेला संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि आमच्या विभागप्रमुख साहेबांनी भाषणात त्याला ऋषींच्या पंगतीत बसवलं.

चकत्या लावू देणाऱ्यांनाही बोलावलं होतं. गोडादऱ्यातल्या माझ्या गल्लीतल्या मावशी, मूळच्या धुळ्याकडच्या, ठेवणीतलं पातळ नेसून पुढे बसल्या. मशीननं त्यांच्या चकतीचा आकडा सगळ्यांत मोठा दाखवला. "या घरात धोका आहे," साहेब माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

मावशींची सून गरोदर होती. दुसऱ्याच दिवशी तिला माहेरी धाडलं. त्या गावात दवाखाना नव्हता.

मला आकडा पटेना. चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर खड्डे शोधावे लागावेत इतके ओरखडे. मशीन दिसेल तो काळा ठिपका मोजत होतं. साहेबांना दाखवलं.

"आता जाहीर झालंय," ते म्हणाले.

चकती घासली होती का, असं मावशींना विचारलं.

"मग, राखेनं घासून दिली. लोकांची वस्तू मळकी परत करतात का?"

खरंच, आमच्या गल्लीत शेजारची वाटीसुद्धा कुणी तशीच परत करत नसे.

"म्हणजे घर चांगलंय ना, भाऊ? सुनेला आणू?"

"ते सांगता येत नाही. ही चकती फुकट गेली. नवी लावतो, तीन महिन्यांनी कळेल."

"तोवर बाळंतपण होऊन जाईल. मशीनला माहीत नाही, तुला माहीत नाही. मग माइकवर बोलणाऱ्याला कसं माहीत होतं?"

मी ओरखडलेली चकती पाकिटात घातली.

"तुझी बायको असती, तर आणली असतीस?"

शेजारच्या घरांतल्या चकत्यांवर विशेष काही नव्हतं. तेवढ्याच आधारावर मी म्हणालो, "आणली असती."

त्यांनी मुलाला सकाळच्या गाडीनं जायला सांगितलं. सून आली. मी नवी चकती टांगली, घासू नका म्हणून बजावलं, आणि येता-जाता दारातून त्या चकतीकडे बघत राहिलो. नुसत्या डोळ्यांनी तिच्यावर काही दिसत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.