मशेरी सुटली, साखर उतरली

आज माझी साखर खाली आली! कुणाला सांगायला लाज वाटते आणि गप्पही राहवत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदळातले खडेसुद्धा दिसेनासे झाले होते. ऑपरेशनची तारीख मिळायची आणि आधीच्या तपासणीत साखर जास्त निघायची. "साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही," डॉक्टर म्हणायचे. मी चहा कोरा केला, भात कमी केला, गोळ्या चुकवल्या नाहीत. तरी साखर वरच.

हिरड्यांतून रक्त यायचं, ते फक्त मोठ्या जावेला माहीत होतं. विक्रोळीच्या आमच्या चाळीत आम्ही दोघी रोज सकाळी दारात बसून मशेरी लावायचो. तंबाखू भाजून पूड तीच करते. ती म्हणाली, "रगत येता? मग जरा जास्त लाव गो. हिरड्यो घट होतत." मी दुपारीही लावू लागले.

मग एकदा साखरेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड उघडा बघू." मी मान खाली घातली. ते काळे दात परक्या बाईला कसे दाखवायचे?

"उघड गो! ती काय आत जावन बसतली?" सोबत आलेली जाऊ म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली. "अहो, हिरड्यांत पू झालाय! ही सूज असेपर्यंत साखर नीट उतरायची नाही. आणि साखर चढली की हिरड्या आणखी बिघडणार."

"हिरड्यांचा दुखणा रगतात जाता?" जाऊ चकित झाली.

"जातं ना. तोंड काय शेजारणीचं आहे?"

दातांच्या डॉक्टरांकडे खेपा घालून हिरड्या आतून साफ करून घेतल्या. त्यांनी मशेरी बंद करायला लावली. सोडली तेव्हा डोकं भणभणायचं, जीव नुसता कासावीस व्हायचा. ब्रश धरायला शिकले. गोळ्या आणि पथ्य होतं तसंच ठेवलं.

आणि आज रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हसल्या. "आता करून घ्या डोळा. सोमवारी."

"या सोमवारी?" मी इतकी मोठ्यानं ओरडले की बाहेरची रांग आत डोकावली.

घरी आल्या आल्या जावेनं दार लावलं आणि ओठ वर करून माझ्यासमोर उभी राहिली. "बघ गो, माझ्यो हिरड्यो कशो दिसतत?"

"जाऊबाई, मला अजून कुठं दिसतंय? सोमवार तर होऊ दे!"