लुगड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क

माझ्या बायकोच्या मामांइतकी मरणाची आगाऊ काळजी वाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मरण अर्थात हार्ड डिस्कचं. काल्हेरला त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येऊ लागलं, आणि रिकाम्या झालेल्या हातांना मामांनी लग्नाचं शूटिंग आणि कॉम्प्युटर असे दोन नाद एकदमच लावून घेतले. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधल्या कापड विणणाऱ्या लूममुळे त्यांच्या घराची भिंत दिवसभर थरथरायची. ती थरथर डिस्कला सोसणार नाही म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याखाली चौपदरी गोधडी, आणि हवेतले कापसाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून वरून मलमलचं फडकं. एकदा कशेळीहून आलेल्या एका म्हातारीने दारातूनच ते पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"तीन वर्सं भरवशाची, पाचापर्यंत देवाची, त्याफुडं उसनी," हे मामांचं हार्ड डिस्कबद्दलचं मत. ते बारशालाही ऐकवायचे आणि तेराव्यालाही. ओळखीतल्या एका लूमवाल्या शेठच्या ऑफिसात आम्ही गेलो, तर चहा यायच्या आत मामांनी त्याच्या कॉम्प्युटरला डॉक्टरासारखा कान लावला. "सेठ, बदल डालो." शेठ म्हणाला, "चाचा, अच्छी-खासी चल रही है." "चल रही है तभी बोल रहा हूँ. मरने के बाद कौन सुनता है?" शेठने बदलली, बहुधा मामांनी उठावं म्हणून. स्वतःच्या घरी खंडेनवमीला कोयता, विळा आणि कॅमेरा यांच्या ओळीत ते डिस्कलाही हळदकुंकू लावत, आणि वय झालेली असली तर चालती असतानाच तिला रजा देत. लोकांच्या लग्नांच्या तर ते दोन-दोन प्रती ठेवायचे.

मामी धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाऊन विधी चालवणारी बाई ती धवलारीण. कशेळीपासून दिघाशीपर्यंत कुठेही हळद असली की मामींना बोलावणं यायचं. त्या गायच्या आणि मामा शूटिंग करायचे. एका दुपारी मामांनी त्यांना कॉम्प्युटरच्या माइकसमोर बसवलं. मी तिथेच होतो. पाहुण्यासमोर घ्यावा तसा मामींनी डोक्यावर पदर घेतला.

"कुनाच्या लग्नाचा गाऊ?"

"कुनाच्याच न्हाय. असाच गा."

"असाच धवला गात न्हायत. नवरा-नवरीचं नाव लागतं त्यात."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग आपल्या लग्नाचा गा."

मामी लाजल्या. पण गायल्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या मावशीने म्हटलेला धवला त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, आणि मामांचं नाव आलं तिथे हसू आवरत थांबल्या. ते हसूही रेकॉर्डिंगमध्ये आलं.

पुढच्या पावसाळ्यात मामी तापाने गेल्या. आठवडाभरात सगळं संपलं.

मामांनी त्याच महिन्यात ती डिस्क कॉम्प्युटरमधून काढली, मामींच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मी म्हणालो, "मामा, निदान एक सीडी तरी काढून ठेवा." ते म्हणाले, "सीडी काढायची तर आवाज लावून बघावा लागंल. आता नको." आणि मग, स्वतःलाच समजावल्यासारखं, "चालवलीच न्हाय तर झिजंल कशी?" जगाला डिस्कचं आयुष्य सांगत फिरणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

काही वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, मना हलद आईच्या आवाजात लागली पायजे." लोकांच्या लग्नांच्या कॅसेटींत मामींचा आवाज वाजंत्रीखाली बुडालेला होता; धड तो या डिस्कवरच होता. मामांनी तेव्हा लुगडं उलगडलं, डिस्क जोडली. टक्, टक्, टक्. आत कुणीतरी नखाने दार वाजवावं तसा आवाज, आणि पडद्यावर काहीच नाही. मामांनी वायर बदलून पाहिली, कॉम्प्युटर बदलून पाहिला. शेवटी आम्ही दोघं मुंबईला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो पोरगा सभ्य होता. दोन दिवसांनी डिस्क परत देत म्हणाला, "काका, नुसती पडून राहिली तरी हिचं वय होतंच." मामांनी मान हलवली. येताना डिस्क त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

हळदीला दिघाशीची एक म्हातारी धवलारीण बोलावली होती. तिचा आवाज चांगला होता, पण तिसऱ्या-चौथ्या कडव्यापाशी ती अडकली. तेच कडवं पुन्हा धरलं, पुन्हा अडकली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात मांडवाच्या खांबापाशी बसलेल्या मामांनी पुढची ओळ म्हटली. घोगरा, बेसूर आवाज. दोन-तीन पोरी फिसकन हसल्या. मामा थांबले नाहीत. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्यामागून गाऊ लागली. मुलगी हळदीच्या पाटावर बसून रडत होती, आणि तिचे गाल पुसायला कुणाचेच हात कोरडे नव्हते.

जेवणं झाल्यावर मी मामांशेजारी जाऊन बसलो. "मामा, सगळं पाठ होतं तुम्हाला?"

"घरात दिसभर म्हनायची. मी कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी जोडत बसलेला असायचो." त्यांनी बोटांवरची हळद धोतराला पुसली. "तिला म्हनायचो, अगं हलू गा, मना यातलं ऐकू येत न्हाय."