व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा

‘बघू’ या शब्दाचा आमच्या व्याह्यांइतका कट्टर वैरी अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात सापडायचा नाही. माझ्या लेकीचे हे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मलकापूरला घर बांधलं आणि दारासमोरच्या ओढ्यावर साकव हवा म्हणून नगरपालिकेत अर्ज दिला. साहेब म्हणाले, बघू. त्यांच्या जागी आलेले साहेबही तेच म्हणाले. व्याह्यांनी थेट हायकोर्ट गाठलं आणि परमादेश आणला. साकव बांधा, असं कोर्ट म्हणालं नव्हतं. अर्जावर निर्णय देणं हे तुमचं कायद्याने ठरलेलं काम आहे, ते मुदतीत करा, एवढंच म्हणालं होतं. तेवढ्यावर व्याह्यांनी पेढे वाटले. “पण साकव कुठाय?” मी विचारलं. “विहीणबाई, साहेबानं व्हय म्हणावं न्हाईतर न्हाई म्हणावं, पण म्हणावं. न्हाईशी भांडता येतंय. बघूशी कसं भांडायचं?” साहेब हो म्हणाले, साकव झाला, आणि तेव्हापासून व्याही जगाला परमादेश देत सुटले. घरातल्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला बासुंदीवरून असं धरलं, की तो बिचारा नको त्या पदार्थांनाही हो म्हणून बसला. मला कामं हातावेगळी करायची सवय, त्यामुळे आमचं छान जमलं. घरी ते बायकोला, म्हणजे आक्कांना सांगत, “चहा दे असं म्हणत न्हाई मी. देणार का न्हाई, त्याचा निर्णय दे.” आक्का शांतपणे “न्हाई” म्हणत. मग हे “निकाल लागला” म्हणून स्वतःच आधण ठेवत.

गेल्या थंडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. मी मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, उशीर जिवावर बेतेल. व्याही खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “बघू.”

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण पुढे फोन केला की तेच. शेवटी मी मलकापूरला गेले. व्याही साकवाच्या कठड्यावर बसले होते. मी चहा टाकला, आणि आक्का बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

“आवं, व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, पण म्हणा.”

“आन् न्हाई म्हणलो तर?”

“भांडीन की. बघूशी कशी भांडू मी?”

व्याह्यांनी मान वर केली. “परमादेश म्हणायचा का ह्यो?”

“व्हय.”

“मुदत?”

“चहा हुईस्तोवर.”

इकडे चहा उकळून वर आला होता. मी गॅस अगदी बारीक केला. थोड्या वेळाने पुन्हा वर आला, तेव्हा कपभर पाणी ओतलं.

व्याही दारात आले, तेव्हा पातेल्यातल्या त्या पाणचट प्रकाराला चहा म्हणणं कठीण होतं. “व्हय,” ते म्हणाले. फौजेतल्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. आक्कांनी पदराने डोळे टिपले आणि कप त्यांच्या हातात दिला. तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.