पांढरं-पिवळं डोहाळजेवण

माणिकपुरात डोहाळजेवणाची सजावट एक बाई करायच्या. दर वाक्याला "सिंपल पण रिच" म्हणायच्या. माझ्या सुनेचं डोहाळजेवण त्यांनी शेजारच्या सांडोर गावी, केळीच्या वाडीत मांडलं. सगळं पांढरं-पिवळं.

"गुलाबी नको, निळा नको. बाळ ते बाळ! काय काका?"

मी मान डोलावली. एक नात होतीच. आता घरात सगळ्यांना मुलगा हवा होता. मलाही.

मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सुनेनं एका वाटीकडे हात नेला. बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "दोन्हींत पेढेच घातलेत. बर्फी निघाली असती, तर तुम्ही लोकांनी तिला सुखानं जेवू दिलं असतं का?"

पेढा निघाला. बाईंचं हे ऐकूनही सर्वांत आधी टाळ्या मीच वाजवल्या, आणि अगदी मनापासून.