दाण्याच्या कुटाला पर्याय देणाऱ्या सुमनताई

मी, विनायक गोविंद देशकर, वाणिज्य शाखेचा पदवीधर असून बोरी अरब येथील विद्यालयात मुख्य लिपिक आहे. याच विद्यालयात गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या श्रीमती सुमनताई राऊत यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात, त्यांच्यामुळे माझ्या मुलीचे साक्षगंध (साखरपुडा) कसे पार पडले, एवढेच लिहिण्याचे मी योजिले आहे. ताईंच्या अध्यापनाविषयी अन्य मान्यवर लिहितीलच. मात्र त्या दिवशीच्या पंगतीत ते नव्हते.

मी नोकरीवर रुजू झालो त्याच दिवशी, मधल्या सुटीत ताईंनी माझ्या डब्याच्या झाकणात एक करडी चटणी वाढली. ती सूर्यफुलाच्या बियांची आहे असे कळल्यावर, हे पोपटाचे खाद्य असल्याचे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले.

"मंग पोपट कधी दवाखान्यात पाह्यला काय तुम्ही?" ताईंनी विचारले.

माझ्याकडे तशी माहिती नव्हती. मी चटणी खाल्ली. ती उत्तम होती.

शेताच्या धुऱ्यावरच्या सूर्यफुलाकडे आपण तेलापलीकडे पाहत नाही, ही ताईंची जुनी तक्रार. या बियांत प्रथिने, चांगले स्निग्ध पदार्थ, ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम असते, असे त्या मुलींना शिकवत आणि लगेच बजावत, की खायचे ते मूठभर, पसाभर नव्हे. गुडघेदुखीवर याचा उपयोग होईल का, असे विचारणाऱ्या मुख्याध्यापकांना त्यांनी, "सर, हे जेवण आहे, औषध नाही," असे स्पष्ट सांगितले होते. बी मंद आचेवर भाजावे आणि वास सुटताच उतरवावे. रंगाची वाट पाहिल्यास ते कडवट होते. शाळेची घंटा झाली तरी ताई आधी तवा उतरवीत.

माझ्या मुलीचे स्थळ पांढरकवड्याचे. मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही, पूर्वी एकदा ओठ सुजून दवाखाना गाठावा लागला होता, हे त्याच्या आईंनी सुरुवातीलाच सांगितले. त्याच बैठकीत मुलाच्या काकांनी, पंगतीला पाटवडीचा दाटसर रस्सा हवाच, असा आग्रह धरला. आमच्याकडे रस्सा दाट होतो तो दाण्याच्या कुटाने. या दोन अटींच्या मध्ये माझ्या मुलीचे साक्षगंध अडकले.

ताईंनी काम अंगावर घेतले. मुलाला सूर्यफुलाचे बी चालते, हे त्याच्या डॉक्टरांकडून त्यांनी आधी विचारून घेतले. बी घरी स्वतः सोलले, वाटण स्वतःच्या पाट्यावर केले, आणि त्या सकाळी चुलीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. आचारी बाबाराव दुखावले.

"ताई, मी काय चोर आहो काय?"

"चोर नाही रे बाबाराव. तुह्या हातावर माहा भरोसा नाही. थो आपल्या मनानं जाते."

ताईंनी त्यांना खिसा दाखवायला लावला, तेव्हा त्यातून खाऱ्या दाण्यांची पुडी निघाली. सर्वाधिक आश्चर्य बाबारावांनाच वाटले. त्यांना हात धुऊन, सदरा बदलूनच पुन्हा चुलीशी येऊ दिले.

पंगत बसली. काकांनी पहिला भुरका मारला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वा! दाण्याचा कूट पडावा तं असा."

पंगत थांबली. मुलाने घास खाली ठेवला आणि "घसा खवखवून राह्यला," असे सांगितले. त्याच्या आई उठून उभ्या राहिल्या व ड्रायव्हर कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. माझी मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी वस्तुस्थिती क्रमाने मांडण्यास सुरुवात केली, परंतु ती कोणी ऐकली नाही.

तेवढ्यात ताई सूप घेऊन आल्या. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टरफलांचा ढीग होता. तो त्यांनी मुलाच्या आईंसमोर ठेवला आणि आपले दोन्ही हात पुढे केले. नखे काळी पडून चिरली होती.

"बाई, हे सोलता सोलता माह्ये नखं गेले. तुमच्या लेकराच्या जिवाशी मी खेळीन काय?"

त्या बाईंनी टरफले चिवडून पाहिली, वाटीचा वास घेतला, पुन्हा ताईंच्या नखांकडे पाहिले. मग मुलाला नीट आठवून सांगायला सांगितले. मुलाने विचार केला.

"खवखव नाही, आई. तिखट लागलं."

त्या खाली बसल्या. "मंग खा," म्हणाल्या.

असा दाट रस्सा मुलाच्या पानात आयुष्यात प्रथमच पडत होता. त्याने वाटी संपवली व दुसरी मागितली. काका मात्र, चव दाण्याचीच आहे, यावर ठाम होते.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "चव तुमच्या जिभेवर होती. रस्स्यात नाही."

साक्षगंध झाले. आज माझ्या मुलीच्या परसात सूर्यफुले आहेत, आणि काका त्या बियांची चटणी दाण्याची म्हणून आवडीने खातात.

सत्काराच्या दिवशी ताईंनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये, असे समितीने ठरवले आहे. जावईबापू येणार आहेत हे कळताच, "मंग चुलीपाशी कोन बसन?" एवढेच ताईंनी विचारले. खुर्ची चुलीजवळ पोहोचली आहे.

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी माझी मनःपूर्वक प्रार्थना आहे. यात आमच्या कुटुंबाचा स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही. बाबाराव अद्याप कामावर आहेत.

विनायक गोविंद देशकर
बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
रथसप्तमी, दि. २५ जानेवारी २०२६