डबल स्टँड

मार्गासनीला एसटीची वाट बघताना मला त्या रोज दिसायच्या. किरकोळ अंगाच्या, पन्नाशीच्या बाई बुलेटवर दुधाचे भरलेले कॅन घेऊन समोरच्या डेअरीत येत. उतरून पायानं डबल स्टँड दाबत, त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की सगळं अंग त्यावर टाकत. गाडी आपसूक मागं चढे.

एकदा एकानं मदत म्हणून मागून गाडी उचलली आणि ती कलंडायला लागली. बाईंनी मांडी लावून सावरली.

"दादा, सोडा," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोगांनी धरली की कुनाच्याच हातात ऱ्हात न्हाई."

तो ओशाळला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी चढली.

मग हसून त्यांनी त्यालाच बोलावलं, "या, आता कॅन उतरवू लागा."

तो लगबगीनं पुढं झाला.